उन्हाचे वय आणि ‘अ’ जीवनसत्त्व

वसंत व्याख्यानमालेची वेळ संध्याकाळची का ठेवतात, हे नागपूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. वैशाखात भर दुपारी दोन वाजता धरमपेठेतल्या रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिले की उत्तर आपोआप मिळते. ट्रॅफिक पार्कच्या झाडांखाली कोणी टेकलेले असेल तेवढेच. बाकी जो जातो तो डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून, डोळे तेवढे उघडे ठेवून जातो. उन्हाशी झुंजायचे नाही, त्याला चुकवायचे, हा आपल्या शहराचा जुना शहाणपणा आहे. आज ज्या विषयावर आम्ही बोलणार आहोत तो या शहाणपणापासून फार दूर नाही.

विषय आहे ‘अ’ जीवनसत्त्वाचा आणि त्वचेच्या वार्धक्याचा. औषधांच्या दुकानात हल्ली ‘रेटिनॉल’ नावाच्या लहानलहान बाटल्या आणि नळ्या मांडलेल्या दिसतात. रात्री लावा, सुरकुत्या जातील, डाग जातील, कांती तजेलदार होईल, असे त्यांवर लिहिलेले असते. किंमतही काही थोडी नसते. कोणी म्हणेल, सुरकुत्या घालवण्याची मलमे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ही शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. पहिले असे की, ज्या द्रव्याच्या अभावी आपल्या देशातील असंख्य मुलांचे डोळे गेले तेच द्रव्य या नळीत आहे, आणि त्याची गोष्ट प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे. दुसरे असे की, याच घराण्यातले एक औषध चुकीच्या सोबतीने आणि चुकीच्या हेतूने आपल्याकडे घरोघर वापरले गेले, आणि त्याने चांगले चेहरे बिघडवले. कोणत्या नळीत काय आहे, ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, एवढे जरी आज स्पष्ट झाले तरी आमचे काम झाले.

प्रथम एक साधा प्रयोग. त्याला पैसा लागत नाही. घरी गेल्यावर दिव्याखाली आपल्या मनगटाची वरची बाजू पाहा आणि मग दंडाची आतली बाजू पाहा. दोन्ही कातड्यांचे वय एकच; जन्मतारीख एकच. पण मनगटावरचे कातडे जाडसर, गडद, रेघांनी भरलेले, आणि साठी उलटलेली असेल तर ठिपक्यांनी रंगलेले दिसेल. दंडाच्या आतले कातडे मऊ, एकरंगी आणि त्या मानाने कोवळे असेल. हा फरक वर्षांनी केलेला नाही. तो उन्हाने केलेला आहे. म्हणजे आपल्या अंगावर दोन वये एकाच वेळी वावरत असतात : एक पंचांगातले आणि दुसरे उन्हाचे.

हे दुसरे वय किती चढू शकते याचे एक उदाहरण २०१२ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. एकोणसत्तर वर्षांचा एक मालवाहू गाडीचा चालक; त्याने अठ्ठावीस वर्षे गाडी हाकली. त्या देशात चालक डावीकडे बसतो, त्यामुळे खिडकीतले ऊन त्याच्या डाव्या गालावर पडत राहिले. छायाचित्रात उजवा गाल त्याच्या वयाला साजेसा आहे. डावा गाल जाड, लोंबलेला आणि खोल वळ्यांचा, जणू दुसऱ्याच, फार म्हाताऱ्या माणसाचा. यातली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की मध्ये काच होती. भाजणारे आखूड लहरींचे अतिनील किरण काच बव्हंशी अडवते, पण लांब लहरींचे किरण तिच्यातून आत येतात. हे किरण भाजत नाहीत, म्हणून त्यांची जाणीव होत नाही. आणि तेच कातड्यात खोलवर शिरतात.

तेथे जाऊन ते काय करतात, हे समजण्यासाठी कातड्याची बांधणी थोडक्यात पाहिली पाहिजे. आपल्या जुन्या घरांच्या कवेलूंची आठवण करा. वर कवेलूंचे थर, खाली वासे आणि भिंती. कातड्याचेही तसेच आहे. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, सपाट आणि कठीण होतात आणि महिना-दीड महिन्यात कोंड्यासारख्या गळून पडतात. कवेलू सतत फेरले जात असतात म्हणा. खालचा थर म्हणजे अंतस्त्वचा. तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. तेच या घराचे वासे. कातड्याला बळकटी त्यांच्यामुळे येते.

वयाबरोबर पेशींचा हा फेरा मंदावतो आणि नवे कोलॅजन कमी तयार होते. हे सर्वांचेच होते आणि त्याला इलाज नाही. पण ऊन त्यात आपली भर घालते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले की, अतिनील किरण पडताच कातड्यात काही पाचक द्रव्ये जागी होतात आणि ती कोलॅजनचे धागे कुरतडू लागतात. कातडे लाल व्हायलाही लागत नाही इतक्या थोड्या किरणांनी हे घडते. शरीर लगेच डागडुजी करते, पण प्रत्येक डागडुजीत थोडी उणीव राहते. वाळवी लागलेल्या वाशासारखे हे आहे : एका दिवसात काही दिसत नाही, आणि वीस वर्षांनी छप्पर वाकते.

आपल्या सावळ्या वर्णाचा येथे एक मोठा फायदा आहे. कातड्यातील मेलॅनिन हे रंगद्रव्य छत्रीसारखे काम करते. म्हणून गोऱ्या देशांतील माणसांना ज्या वयात बारीक सुरकुत्या पडतात, त्याच्या कितीतरी नंतर त्या आपल्याकडे दिसतात. पण छत्री फुकट मिळत नाही. उन्हाचा मारा वाढला की ही छत्री ठिकठिकाणी दाट होते, आणि आपल्याकडे उन्हाचे वय आधी सुरकुत्यांनी नव्हे तर डागांनी प्रकट होते. गालावरचे वांग, कपाळाचा काळवटपणा, हातांवरचे ठिपके, मानेवरचा गडद पट्टा ही ती चिन्हे होत. वांगाला गरोदरपण आणि अनुवंश हीही कारणे असतात; पण ऊन त्याला वाढवते यात शंका नाही.

आता ‘अ’ जीवनसत्त्वाकडे येऊ. त्याची कथा सौंदर्यापासून सुरू होत नाही. ती भुकेपासून सुरू होते.

दिवस मावळला की दिसेनासे होणारी मुले आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने गावोगाव पाहिली आहेत. याला आपण रातांधळेपणा म्हणतो. यकृत खाल्ल्याने तो बरा होतो, हे अनेक देशांतील जुन्या वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. का होतो, ते ठाऊक नव्हते. १९१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे मॅक्कॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी उंदरांना निरनिराळे आहार देऊन पाहिले. लोण्याच्या किंवा अंड्याच्या बलकाच्या स्निग्धांशावर उंदीर वाढत. डुकराच्या चरबीवर किंवा ऑलिव्हच्या तेलावर त्यांची वाढ खुंटे. लोण्यात काहीतरी असे होते की जे नुसत्या चरबीत नव्हते. त्याच वर्षी ऑसबर्न आणि मेंडेल या दुसऱ्या जोडीलाही तेच आढळले. पुढे त्या अज्ञात द्रव्याला ‘अ’ हे पहिले अक्षर मिळाले. १९३१ साली पॉल कॅरर यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

त्वचेशी याचा संबंध १९२५ साली कळला. वुलबाक आणि हाउ या दोघांनी ‘अ’ जीवनसत्त्वाविना ठेवलेल्या उंदरांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. डोळे, श्वासनलिका, ग्रंथी, जेथे जेथे ओलसर, नाजूक अस्तर असायला हवे, तेथे नखासारखे कोरडे, शिंगाळ थर चढलेले दिसले. म्हणजे हे जीवनसत्त्व पेशींना त्यांचे वळण शिकवणारे होते. ते नसले की पेशी आपले काम विसरून नुसत्या कठीण होत जात. मुलांच्या डोळ्यांत हेच घडत होते : आधी रातांधळेपणा, मग बुबुळाच्या बाजूला फेसाळ पांढरट डाग, मग कोरडेपणा, आणि शेवटी बुबुळ विरघळून कायमचे अंधत्व. भारत सरकारने १९७० साली लहान मुलांना या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. एक वर्षाच्या पुढील मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा तो चमचाभर गोड डोस अनेक आयांना आठवत असेल. ज्या बाटलीकडे आज आपण आरशासमोर पाहतो, तिच्या मागे ही मुले उभी आहेत, हे विसरू नये.

ज्याच्या अभावाने पेशी वळण विसरतात, ते वरून लावले तर पेशींना वळण लागेल का? हा प्रश्न वैद्यांना पडणे स्वाभाविक होते. पण येथे या घराण्यातील भावंडांची ओळख करून घ्यावी लागेल, कारण सगळा घोटाळा नावांचा आहे.

गाजर, पिकला आंबा, पपई, आपल्याकडचे लाल कोहळे आणि सगळ्या हिरव्या पालेभाज्या यांत कॅरोटिन नावाचे रंगद्रव्य असते. ते शरीरात गेल्यावर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व बनते. दूध, लोणी, अंडी आणि यकृत यांत ते तयार स्वरूपात असते. या तयार स्वरूपाचे नाव रेटिनॉल. शरीर आपला साठा रेटिनॉलच्या एका जड संयुगात करते. स्वस्त मलमांत पुष्कळदा हेच ‘रेटिनिल पामिटेट’ नावाने असते. रेटिनॉलचे एक पाऊल पुढे रेटिनाल होते, जे डोळ्यांना पाहण्यासाठी लागते. आणि आणखी एक पाऊल पुढे गेले की रेटिनॉइक आम्ल होते. औषधशास्त्रात त्याचे नाव ट्रेटिनॉइन. पेशींना हुकूम देतो तो हा शेवटचा भाऊ. पेशीच्या केंद्रात त्याच्यासाठी खास ग्राहक असतात. कुलपात किल्ली बसावी तसा तो त्यांत बसतो आणि कोणती जनुके जागी करायची, कोणती निजवायची, हे ठरते. हे ग्राहक १९८७ साली फ्रान्समध्ये शांबाँ आणि अमेरिकेत इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे शोधले.

यावरून दुकानातील मालाची प्रतवारी सहज कळते. ट्रेटिनॉइन ही तयार किल्ली. ती जोरकस असते, कातड्याला झोंबते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळावयाची असते. रेटिनॉल ही ओबडधोबड किल्ली. कातडे तिला दोन पावलांत घासून तयार करते, म्हणून ती कित्येक पट सौम्य आणि मंद. पामिटेटला आणखी एक पाऊल चालावे लागते, म्हणून त्याच्यात दम सर्वांत कमी. नळीवर मोठ्या अक्षरात ‘व्हिटॅमिन ए’ लिहिलेले असले तरी आत यांपैकी कोण आहे हे बारीक अक्षरांत पाहिल्याशिवाय कळत नाही.

ट्रेटिनॉइनचा पहिला मोठा उपयोग मुरुमांवर झाला. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढे प्रौढ वयाच्या रुग्ण स्त्रिया सांगू लागल्या की मुरूम तर गेलेच, पण कातडेही नितळ झाले. क्लिगमन यांनी १९८६ साली उन्हाने जुनावलेल्या कातड्यावरचे निरीक्षण मांडले. १९८८ साली मिशिगन येथे त्याची रीतसर परीक्षा झाली. तीस माणसांना सोळा आठवडे एका बाजूला औषधाचे आणि दुसऱ्या बाजूला नुसते मलम लावण्यास दिले, आणि कोणत्या नळीत काय आहे हे ना रुग्णांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्यांना. औषधाच्या बाजूच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या, नुसत्या मलमाच्या बाजूच्या झाल्या नाहीत. मात्र बहुतेकांचे कातडे मध्यंतरी लाल होऊन सोलले. १९९५ साली अमेरिकन सरकारने या उपयोगाला मान्यता दिली. साध्या रेटिनॉलची परीक्षा त्याच विद्यापीठाने केली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील छत्तीस माणसांचे सरासरी वय सत्त्याऐंशी होते आणि औषध लावले ते दंडाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जेथे ऊन पोचत नाही तेथे. चोवीस आठवड्यांनी तेथल्याही बारीक सुरकुत्या कमी झाल्याचे दिसले. म्हणजे उन्हाच्या वयावरच नव्हे, तर पंचांगाच्या वयावरही याचा थोडा परिणाम होतो.

परिणाम होतो तो कसा? वरचा मृत थर पातळ आणि घट्ट होतो. त्याखालचा जिवंत थर जाड होतो. रंगद्रव्याचे गोळे विखुरतात म्हणून डाग फिके पडतात. आणि खाली नवे कोलॅजन तयार होऊ लागते. ऊन जी पाचक द्रव्ये जागी करते त्यांनाही हे औषध आवर घालते. कवेलू फेरले जातात आणि एखाददुसरा वासाही बदलला जातो. पण घर नवे होत नाही. खोल वळ्या, लोंबलेले गाल, डोळ्यांखालची पिशवी यांवर याचा विशेष उपाय चालत नाही. आणि लावणे थांबवले की मिळालेला लाभ हळूहळू ओसरतो.

याच इतिहासातील एक काळे पान झाकून ठेवणे बरे नव्हे. क्लिगमन यांचे पुष्कळसे प्रयोग १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या कातड्यावर झाले. त्यांत बहुसंख्य काळे लोक होते. थोड्या डॉलरांसाठी ते तयार होत. अंगावर काय लावले जात आहे हे त्यांना नीट सांगितले जात नसे. २०२२ साली त्या शहराने जाहीर माफी मागितली. ज्ञान खरे आहे म्हणून त्याची किंमत कोणी चुकवली हे विसरता येत नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ साली डागांवर एक मिश्रण सुचवले. त्यात तीन औषधे होती : रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, आपले ट्रेटिनॉइन आणि जळजळ दाबणारे एक स्टेरॉइड. वांगासारख्या दुखण्यावर, मोजके आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली लावले तर हे मिश्रण गुणकारी आहे. आजही तज्ज्ञ ते देतात. पण आपल्याकडे त्याचे काय झाले? त्याच्या जवळपासची अनेक मलमे निघाली, त्यांत अधिक जोरकस स्टेरॉइडे घातली गेली, आणि काही दिवसांत चेहरा उजळतो ही वार्ता एका घरातून दुसऱ्या घरात गेली. डागांचे औषध ‘गोरे होण्याचे मलम’ होऊन बसले. मुलगी दाखवायची आहे, लग्न दोन महिन्यांवर आले आहे, जाऊबाईंना गुण आला, मैत्रिणीने नाव सांगितले, दुकानातून नळी आणली. चिठ्ठी विचारली कोणी आणि दाखवली कोणी?

पहिले काही आठवडे सुखाचे जातात. स्टेरॉइड लाली दाबते, कातडे गुळगुळीत दिसते, रंग उतरतो. मग कातडे पातळ होऊ लागते. गालांवर लाल शिरांचे जाळे दिसते, पुटकुळ्या उठतात, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते, आणि उन्हात पाऊल टाकताच चेहऱ्याची आग होते. घाबरून मलम बंद करावे तर चार दिवसांत चेहरा पूर्वीपेक्षा जास्त लाल होऊन सुजतो. म्हणून बिचारी पुन्हा तीच नळी आणते. हे व्यसनासारखे चक्र आहे. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे नावच दिले आणि वर्षानुवर्षे सरकारच्या मागे लागून १९ नव्हे, शेवटी २०१८ साली लावण्याची अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घालून घेतली. कायदा झाला, पण कायद्याचा हात प्रत्येक दुकानाच्या फळीपर्यंत पोचतोच असे नाही. म्हणून आम्ही आपणांस विनवतो की घरात चेहऱ्याचे जे मलम असेल त्याचे नाव आणि घटक आज रात्रीच वाचा. मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादे नाव त्यावर असेल आणि ते डॉक्टरांनी दिलेले नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पुष्कळ महिने लावलेले असेल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. ते टप्प्याटप्प्याने कसे सोडवायचे हे तज्ज्ञच सांगू शकतो. आणि ज्या मुलीने ते लावले तिला बोल लावू नका. तिच्या सावळ्या रंगाला ज्यांनी नावे ठेवली, बोल त्यांच्याकडे जातो. सावळेपणा हा रोग नाही; तो आपल्या उन्हातले आपले कवच आहे, हे आताच आपण पाहिले.

यावर कोणी विचारील, मग रेटिनॉल लावावे की न लावावे? ज्याला लावायचे आहे त्याने खुशाल लावावे, पण रीत सांभाळून. ते रात्रीचे औषध आहे, कारण उजेडात आणि हवेत ते बिघडते. याच कारणाने नळी खिडकीत किंवा तापलेल्या कपाटावर ठेवू नये. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर मटाराच्या एका दाण्याएवढे सगळ्या चेहऱ्याला पुरते. सुरुवातीस आठवड्यातून दोनच रात्री लावावे, सोबत साधे स्निग्ध मलम असावे, आणि कातडे सोसेल तसतसे वाढवावे. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यातील हवा इतकी कोरडी असते की नुसता चेहराही ताणतो. त्यात हे नवे सुरू केले तर सोलणे अधिक होते. पाऊस स्थिरावल्यावर सुरू करणे बरे. झोंबून लाल झाले की दम धरावा, कारण आपल्या वर्णात प्रत्येक जळजळ मागे काळा डाग ठेवून जाते. ज्या डागासाठी औषध आणले तोच त्याने वाढवायचा, असे होऊ नये. गुण दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात. आठ दिवसांत उजळवणारी नळी मिळाली तर आनंदू नका, तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा.

जास्त तीव्र म्हणजे जास्त चांगले, हेही खरे नाही. युरोपीय संघाने २०२४ साली नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांतील रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के आणि अंगाला लावायच्या प्रसाधनांतील ०.०५ टक्के ठरवली. कारण अन्नातून, गोळ्यांतून आणि मलमांतून मिळून शरीरात किती जाते याची त्यांना चिंता वाटली. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगितली पाहिजे : गरोदर स्त्रीने आणि मूल होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने या घराण्यातील कोणतेही मलम लावू नये. मुरुमांसाठी पोटात घ्यावयाचे याच घराण्यातले आयसोट्रेटिनॉइन १९८२ साली अमेरिकेत बाजारात आले, आणि ते घेतलेल्या मातांच्या बाळांत गंभीर व्यंगे आढळली. मलमातून शरीरात फार थोडे जाते हे खरे. पण सुरकुतीसाठी तेवढाही धोका पत्करण्याचे कारण नाही.

मग खाण्यातून भागेल का, हा प्रश्न संत्र्यांच्या गावात विचारला जाणारच. आपल्या संत्र्याचा तो केशरी रंग कॅरोटिनच्याच कुळातील द्रव्यांचा आहे, आणि त्यांतील एकापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. गोकुळपेठेच्या बाजारात सकाळी मिळणारी पालक, चवळी, शेवग्याचा पाला ही तर त्याहून समृद्ध. फक्त त्यांना तेलाची फोडणी हवी, कारण हे द्रव्य स्निग्धात विरघळते. ज्याच्या आहारात याची उणीव आहे त्याचे कातडे, डोळे आणि रोगप्रतिकार, तिन्ही याने सुधारतील. पण ज्याचे पोट भरलेले आहे त्याने चौपट खाल्ले म्हणून सुरकुती जाणार नाही. गाजरे अति खाल्ली तर तळहात पिवळे होतात, एवढेच. तयार जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने खाणे मात्र घातक. ते यकृतात साठत जाते आणि जास्त साठले की विष होते. १९१३ साली अंटार्क्टिकावर झेव्हियर मर्त्झ हा स्विस प्रवासी उपासमारीत गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची यकृते खाऊन मरण पावला. त्याचे कातडे पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघाले होते, आणि ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने झाले असावे असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. ज्या वर्षी हे द्रव्य प्रथम ओळखले गेले त्याच वर्षी त्याच्या अतिरेकाचा हा बळी पडावा, हा योग विलक्षण खरा.

शेवटी पुन्हा उन्हाकडे. दिवसा ऊन खायचे आणि रात्री रेटिनॉल लावायचे, हा भोक पडलेल्या हौदात पाणी भरण्याचा प्रकार आहे. मे महिन्याच्या अखेरीस, नवतपाच्या त्या दिवसांत, मध्यान्हीचा सूर्य नागपूरच्या नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडेनाशी होते. दहा ते चार या वेळेत अतिनील किरणांचा जोर सर्वांत अधिक. त्या वेळी जाड सुती दुपट्टा, छत्री, लांब बाह्या ही पहिली औषधे. उघड्या राहणाऱ्या भागाला तीस किंवा अधिक ‘एस.पी.एफ.’चे मलम हे दुसरे, तेही दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावले तरच. आणि रेटिनॉल हे तिसरे. हा क्रम उलटा करून दुकानदाराचा फायदा होतो, आपला होत नाही. डिसेंबरातले ऊन गोड लागते, पण त्यातही हे किरण असतात, हेही लक्षात असू द्यावे.

पण दुपार चुकवणे प्रत्येकाच्या हातात नसते. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रस्ता झाडणारी बाई, संत्र्याच्या बागेत तोडणी करणारा मजूर, हातगाडीवर भाजी घेऊन फिरणारा माणूस, यांचे उन्हाचे वय आपल्यापेक्षा कितीतरी भरभर वाढते, आणि रेटिनॉलची बाटली काही त्यांच्यासाठी तयार झालेली नाही. त्यांच्यासाठी जे औषध आहे ते रस्त्याच्या कडेला उभे असते. धरमपेठेतील जुन्या रस्त्यांवर अजून काही कडुनिंब आणि वड शिल्लक आहेत. त्यांपैकी एखादे रुंदीकरणासाठी तोडायचे ठरले तर आपण तेथे जाऊन दोन शब्द बोललो पाहिजेत. त्या झाडाखाली रोज दुपारी कोणाचे तरी कातडे वाचत असते.

जाताना एवढेच काम सांगतो : दंडाची आतली बाजू पाहायला विसरू नका, आणि कपाटातल्या त्या नळीवरची बारीक अक्षरे वाचायलाही.